होडीला कासरा नसतो, आबा!

मंडळी, आज हसून हसून पोट दुखतंय, त्यामुळं सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मेढ्याच्या पुढं, कोयनेच्या जलाशयात आम्ही बापलेक शिडाची होडी चालवायला शिकत होतो. शिडाची दोरी माझ्या हातात, सुकाणूचा दांडा आबांच्या. आबा आमचे फलटणचे, सगळी हयात बैलगाडी हाकलेली.

"उजवीकडं खडक आहे, होडी डावीकडं घ्या!" शिकवणाऱ्या ताई ओरडल्या. आबांनी कासरा ओढावा तसा दांडा डावीकडं ओढला. होडी वळली उजवीकडं, थेट खडकाकडं!

"दोरी सोडा!" ताई मला ओरडल्या. मी सोडली. शिडातला वारा निघून गेला आणि होडी खडकापाशी कशीबशी थांबली.

"आबा, दांडा उलट्या बाजूला न्यायचा असतो," ताई म्हणाल्या.

आबा भडकले. "मग आधी सांगायचं न्हाई व्हय? कासरा वढंल तिकडं बैल वळतोय. ही लय हट्टी हाय!"

पण नंतर दुपारभर त्या हट्टी होडीला त्यांनी हवं तसं वळवलं.

मी काठावर उतरले तर आबा मागंच. गाडी सोडल्यावर बैलाला थोपटतात, तसं होडीला थोपटत होते. म्हणाले, "दमली असंल गं. जरा थांबू, मग परत जुपू."

आता सांगा, या माणसाला घरी कसं न्यायचं?