काळी पडलेली बाटली

शेंद्र्याच्या कारखान्यांपलीकडच्या आमच्या गावात पाणी तपासायला पाच बायकांना शिकवलं होतं. चौघी कंपनीत कामाला लागल्या. उरल्या मनकर्णाबाई, वय अठ्ठावन्न, गुडघे धरलेले.

मागच्या उन्हाळ्यात त्यांनी शाळेजवळच्या हापशाचं पाणी तपासणीच्या बाटलीत भरून ठेवलं. दुसऱ्या दिवशी ते काळंभोर झालं होतं. म्हणजे पाण्यात घाण उतरत होती. त्यांनी बाटली सरपंच साहेबरावांना दाखवली.

"बाई, बाटलीच खराब असंल."

दुसरी भरली. तीही काळी पडली. मग हापशाचं ताजं पाणी घेऊन मनकर्णाबाई एसटीनं शहरातल्या प्रयोगशाळेत गेल्या. कागद आणायला आठ दिवसांनी पुन्हा गेल्या. पाणी पिण्यालायक नव्हतं.

कुणी पिऊ नये म्हणून हापशाला लाल रंग लागला. बायकांना आता खालच्या विहिरीवर जावं लागे, अर्धा कोस चालून. बोल मात्र मनकर्णाबाईंना.

"इतकी वर्षं पीतच होतो की," शेजारीण तोंडावर म्हणाली.

एका संध्याकाळी त्यांची सून अमृता कंपनीतून आली आणि येताना हापशावरूनच घागर भरून घेऊन आली.

"हे प्यायचं नाय, माहीत आहे ना तुला?"

"आत्याबाई, आठ तास उभी होते. विहिरीपर्यंत पाय उचलत नाय."

त्यांना रागावताही येईना. ते पाणी भांड्यांसाठी बाजूला ठेवून त्या स्वतः विहिरीवर गेल्या. परतताना तीनदा टेकल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्या ग्रामपंचायतीच्या पायरीवर जाऊन बसू लागल्या. भांडल्या नाहीत. "हापशाजवळ खोदून बघा, घाण कुठून येती ते," एवढंच म्हणत. पाचव्या दिवशी साहेबरावांनी वैतागून माणसं लावली. जुन्या संडासाचा खड्डा फुटून पाणी थेट हापशाकडं झिरपत होतं. खड्डा उपसून बुजवला, हापशात औषध टाकलं. तरी पाणी साफ यायला अडीच महिने गेले.

रंग खरवडला तशी हापशावर पुन्हा रांग लागली. मनकर्णाबाईंना कुणी शाबासकी दिली नाही. त्यांचीही तशी अपेक्षा नव्हती. त्या ओट्यावर पाय पसरून बसल्या होत्या. अमृता शेजारी येऊन बसली.

"बाटली कशी भरायची ते मला दाखवा. रविवारी सुट्टी असती मला."

मनकर्णाबाई लगेच हो म्हणाल्या नाहीत. या कामात काय काय ऐकून घ्यावं लागतं, ते पोरीला आधी सांगावं का, याचा त्या विचार करत राहिल्या.

"आधी पाणी थोडं वाहू द्यायचं," शेवटी त्या म्हणाल्या. "अन् हात स्वच्छ धुवायचे."