मामांना रस्ता मिळेना

चूक माझीच. रस्ता मी भलत्या माणसाकडे मागितला.

आमच्यात पाहुणा असा उठला आणि निघाला, असं होत नाही. घरातल्या थोरल्यासमोर बसायचं, कोलाची फळं पुढे ठेवायची आणि म्हणायचं, "आता आम्हाला रस्ता द्या." त्यानं दिला की निघायचं. गिनीच्या राजधानीत, कोनाक्रीत, आम्ही उतरलो होतो मोदी सेल्लू जालो यांच्याकडे. 'मोदी' हा आमच्यात वडीलधाऱ्याला द्यायचा मान. आणि त्या सकाळी मोदी गाढ झोपले होते. टॅक्सीतळ घरामागच्याच गल्लीत, डोंगरातल्या पीटा गावची गाडी भरत आलेली, आमची पेटी टपावर बांधून झालेली. मी शहाणपणा केला. अंगणात मोदींचा धाकटा भाऊ लामाराना दाढी करत बसला होता. त्याच्यापुढे कोला ठेवला आणि रस्ता मागितला. त्यानं फेसाळल्या तोंडानं "दिला" म्हटलं.

आम्ही फाटकाशी पोचतो तोच मोदी उठले.

"रस्ता कुणी दिला? मी मेलोय का? लामाराना, माझं प्रेत कुठे ठेवलंयस ते तरी पाहुण्यांना दाखव!"

पेटी उतरली. गाडी गेली.  दिउल्देमामांनी उलटा शिवला गेलेला खिसा बघावा तसं माझ्याकडे बघितलं.

मामा सिएरा लिओनमधल्या लुन्सारचे शिंपी, आणि मी त्यांच्या हाताखाली. त्यांची आई शेजारच्या गिनीतली, फुटा नावाच्या डोंगराळ मुलखातली, पीटाजवळच्या गावची. लहानपणी गुरांमागून चालत खाली आली ती परत गेलीच नाही. मरेपर्यंत सांगत राहिली, की तिकडे सकाळी धुकं गाईसारखं दारात येऊन बसतं. ते मामांच्या डोक्यात असं काही भरलं, की गिऱ्हाइकाची छाती मोजता मोजता ते डोंगराची उंची सांगायला लागायचे आणि सदरे ढगळ व्हायचे.

गिनीत मामा याआधी दोनदा येऊन गेले. म्हणजे कोनाक्रीत. पहिल्यांदा संपामुळे रस्ते बंद होते. दुसऱ्यांदा ज्या घरी उतरले त्या घरात लग्न निघालं. शिंपी पाहुणा आयता सापडल्यावर वऱ्हाडाचे कपडे दुसरं कोण शिवणार? मामा मशीनवर बसले, ते परतीच्या गाडीच्या वेळीच उठले. देश बघायचा राहिला, राजधानीची उघडी गटारं तेवढी पाठ झाली.

यंदा त्यांनी डोंगरातल्या थंडीसाठी जाड कोट शिवला होता आणि कोनाक्रीच्या घामात तो खांद्यावर वागवत होते. बकरी ईद तोंडावर. ईदेआधी दुकान उघडावंच लागतं, अख्खं लुन्सार तेव्हाच कपडे शिवतं. आणि पुढच्या वर्षावर टाकायचं म्हटलं, तर मामांचे डोळे चालले होते. सुई आता मीच ओवून देत होतो. डोंगर काही कुणी ओवून देत नाही.

दुसऱ्या दिवशी मामा स्वतः कोला घेऊन मोदींसमोर बसले. "मोदी, रस्ता द्या."

"भातात काही कमी पडलं?"

"छे छे."

"मग भरलेलं पातेलं सोडून बाह निघतो कसा? लामाराना, याच्या कपाळाला हात लाव. ताप असणार."

सगळं अंगण हसलं. आम्ही आडनावानं बाह, मोदी जालो. बाह आणि जालो म्हणजे जन्माचे थट्टेचे सोयरे. एकानं दुसऱ्याला काहीही बोलावं, रागवायचं मात्र कुणीच नाही. ऐकायला मौज वाटते. खरोखर निघायचं असतं तेव्हा कळतं.

मग शुक्रवार आला, शुक्रवारी कोण निघतं? शनिवारी मोदींना आमच्यासाठी कोंबडा कापायचा होता. रविवारी कोंबडा सापडला नाही. सोमवारी मामा अगदी हळू बोलले, "मोदी, माझी आई तिथली. मला दिसतंय तोवर एकदा बघू द्या."

क्षणभर मला वाटलं, झालं काम.

"ऐका हो!" मोदी मांडी थोपटत म्हणाले. "कांद्याचा रस्सा संपला म्हणून बाह रडतोय!"

बायका डोळे पुसेपर्यंत हसल्या. मामाही हसले. हसावंच लागतं. मग दुपारपर्यंत ते कोट मांडीवर घेऊन बसून राहिले, आणि मला त्यांच्याकडे बघवेना.

दुपारच्या नमाजाची वेळ झाली. मोदींनी हातपाय धुवायची प्लॅस्टिकची किटली भरून बाकाशी ठेवली आणि चपला काढायला वाकले. मामा उठले, किटली उचलली आणि फाटकाबाहेर चालू पडले.

"मामा!" पेटी डोक्यावर घेऊन मी मागे.

"चोर! बाह चोर!" मोदी अनवाणी धावत आले. त्यांच्यामागे अख्खी गल्ली. मामा जाऊन बसले थेट पीटाच्या गाडीत, किटली पोटाशी धरून.

"जालो, रस्ता दे, किटली घे!" मामा पहिल्यांदाच त्यांना अरेतुरे करत होते. "नाहीतर आज वाळूनं हातपाय धू. तुम्हा गाई चोरणाऱ्या जालोंना तेवढं पुरे!"

गाडीतले लोक खिदळायला लागले. मोदी खिडकी धरून धापा टाकत होते. हसता हसता त्यांचं मामांच्या हातांकडे लक्ष गेलं. किटलीतलं पाणी कोटावर सांडत होतं, तरी मामांची पकड सुटत नव्हती.

"आधी का नाही अशी चोरी केलीस?" ते म्हणाले. "मला वाटलं, तू घरचाच आहेस आणि आपली थट्टा चाललीये." मग थोरल्याच्या आवाजात, "रस्ता दिला. अर्धाच दिला. उरलेला माझ्याकडे, परत येऊन न्यायचा."

मामांनी किटली दिली. अर्थात गाडी लगेच निघाली नाही. एक जागा रिकामी होती, आणि ड्रायव्हर तिच्यासाठी ऊन उतरेपर्यंत ओरडत राहिला.

रात्र वाटेतल्या गावात काढली. सकाळी चढ लागला आणि इंजिन तापून गाडी थांबली. हवा खरंच गार होती. वळणावर एक बाई सोललेली संत्री विकत होती. मामांनी एक घेऊन टोकाशी चोखायला सुरुवात केली, तोच हॉर्न वाजला. मामांकडे मोठी नोट, बाईकडे सुटे नाहीत.

"येताना देतो!" मामा खिडकीतून म्हणाले.

"आडनाव काय?"

"बाह."

"या अल्ला! मी जालो. बुडालं माझं संत्रं!"

तिला उत्तर द्यायचं मामांच्या ध्यानातच राहिलं नाही. ते डोळे बारीक करून समोरच्या डोंगरावरचं धुकं बघत होते.

पीटाहून परतताना आमची गाडी त्या वळणावर थांबलीच नाही. बाईचं संत्रं अजून आमच्या अंगावर आहे.