मोजणीबाई

धाकटी वाद न घालता "हो" म्हणाली, ही गोष्ट आईच्या मनातून जाईना. जिने लहानपणी दूध न पिण्याची सोळा कारणं दिली, ती बिझनेसच्या डिग्रीचा मुख्य विषय निवडताना एकदम गाईसारखी गरीब झाली? "बरं आई, फायनान्स भरते," एवढंच म्हणून कॉलेजला गेली. फॉर्म आज पाच वाजता बंद होणार होता.

तिला हवं होतं ऑपरेशन्स, म्हणजे माल मागवणं, साठवणं, वेळेवर पोचवणं. आईने ठणकावलं होतं, फायनान्सने नोकरीची दहा दारं उघडतात, तुझ्या विषयाला गोदामाचं एकच शटर; तुझ्या काळजीने मला रात्र रात्र झोप नाही.

लेकीने सुट्टीत जिथे काम शिकलं, त्याच गोदामात तिचं प्रमाणपत्र आणायला आई दुपारी गेली. खोक्यांच्या रांगांतून गोदामप्रमुख हसतच आले. "तुम्ही मोजणीबाईच्या आई ना?"

मग त्यांनी सगळं रंगवून सांगितलं. पोरगी दोन दिवस त्यांच्या मागे पावलं मोजत फिरली, म्हणून हमालांनी हे नाव पाडलं. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, सगळ्यात जास्त खपणारे पंखे सगळ्यात लांब का? खोदून विचारल्यावर कारण निघालं ते एवढंच: बावीस वर्षांपूर्वी पहिला ट्रक आला तेव्हा मागची भिंत मोकळी होती, म्हणून पंखे तिथे लागले, ते लागलेच. तिने पंखे दाराशी आणवले आणि वर्षातून एकदा हलणाऱ्या शिड्या मागे धाडल्या.

"माझे गुडघे तिला दुवा देतात, बाई."

आईला हसू फुटलं. घरातल्या डब्यांच्या जागा ही बदलते, म्हणून आपण किती कावलो! तरी तिने चिवटपणे विचारलंच, जन्मभर गोदामातच का राहायचं पोरीने?

"दवाखान्यात औषधं काय चालत जातात? माल लागत नाही असा एक धंदा दाखवा."

आईने मनात एकेक धंदा आठवून पाहिला, प्रत्येकात माल होताच. दोन हमालांनी मोजणीबाई परत कधी येणार म्हणून विचारलं, तेव्हा तर तिचा ऊर भरून आला. बावीस वर्षांची मांडणी हलवणारी पोर धाकाला कसली भिते; आपल्याला शांत झोप लागावी म्हणूनच तिने मान डोलावली होती.

भिंतीवरच्या घड्याळात साडेचार झाले होते. प्रमाणपत्र घाईने पर्समध्ये कोंबून आई बाहेर पायरीवर आली. लेकीला आत्ताच फोन लावायचा, तिने ठरवलं, आणि पहिलं वाक्य एवढंच: फायनान्स खोड, तुला हवं ते भर.