कळशीत काय होतं?

सगुणाला सोन्याचा राग नव्हता, राग होता तो खड्ड्यांचा. आप्पा, म्हणजे तिचा नवरा, बोटीवरची नोकरी संपवून कायमचा घरी आला तेव्हा तिला वाटलं होतं, आता हा माणूस आगरात जरा शिंपण करील, संध्याकाळी देवळात जाऊन बसेल. आप्पाने मोबाईलवर गुप्तधनाचे व्हिडीओ बघायला घेतले, आणि सगुणाच्या डोक्याला ताप झाला.

आप्पाच्या घरात एक जुनी गोष्ट सांगत. कुणी एक खापरपणजोबा गलबतावर तांडेल होता, त्याने मोहरांचा हंडा कुठेतरी पुरला आणि पुढच्याच फेरीला तो स्वतः समुद्रात बुडाला. असली गोष्ट किनाऱ्यावर घरोघरी सांगतात, आणि ती सांगणारं एकही घर अजून सोन्याच्या ताटात जेवलेलं नाही.

"आवो, एवढ्या मोहरा होत्या तर तुमच्या आजीच्या नाकात साधी चमकी का नव्हती?" सगुणा विचारायची.

"सगळं पुरलं, म्हणून नव्हती," आप्पा म्हणायचा. यावर माणसाने काय बोलायचं, कपाळ!

मग हातखंब्याहून एक यंत्र भाड्याने आलं. जमिनीत धातू असला की ते टुंई टुंई करी. इकडचा जांभा दगड मुळात लोखंडानेच लाल झालेला. यंत्र अंगणात वाजलं, गोठ्यात वाजलं, न्हाणीच्या मागेही वाजलं. सगुणाने चिडून ते ओढून घेतलं आणि तुळशीपाशी धरलं, पायरीवर धरलं. तिथेही तेच.

"बघितलात? दगडच वाजतोय!"

आप्पाचे डोळे चमकले. "म्हणजे घराखाली पण हाय!"

तिने वैतागून मुंबईला मुलाला, नितेशला, फोन लावला. तो म्हणाला, "जाऊ दे गं आई, बाबांचा टाईमपास होतोय. हातपाय हलते राहतात." मुंबईत बसून बोलायला याचं काय जातंय!

तरीही ती गप्प बसली असती. अंगणातले खड्डे काय, पाचोळ्याने बुजवता येतात. पण चैत्रात आप्पाची नजर विहिरीकडे वळली, आणि सगुणाची झोप उडाली. विहिरीखालच्या आगरात तिच्या पोफळी होत्या. रोपं एवढीएवढीशी असल्यापासून तिने त्यांना हाताने पाणी घातलं होतं, गुरांपासून राखलं होतं, आणि यंदा पहिल्यांदा त्यांना पोय, म्हणजे फुलांचा तुरा, आली होती. पोयीतून सुपारी धरायची तर ऐन उन्हाळ्यात पाणी हवं. वाडीतल्या बाकीच्या विहिरी मे महिन्यात तळाला जातात, ही कधी जात नसे. या विहिरीच्या जिवावरच तिने पोफळी लावल्या होत्या.

विहिरीच्या डोंगराकडच्या काठावर दगडात एक फुली कोरलेली होती. सगुणा नवी नवरी होती तेव्हाच सासूने तिला बजावलं होतं, या अंगाला कुदळ लावायची नाही, झरा इथून येतो. वाडीतल्या प्रत्येक जुन्या विहिरीवर अशी फुली आहे आणि प्रत्येक सुनेला ती ठाऊक आहे. आप्पालाही ठाऊक होती, नाही असं नाही.

"झरा ही लोकांना सांगायची गोष्ट," तो म्हणाला. "खणू नको म्हणून सांगतात, म्हणजे खाली काय तरी असणारच."

"पाणी हाय खाली! पाणी!"

"मग बघूया की."

त्यानंतर सगुणा भाजी चिरायलासुद्धा विळी घेऊन त्या फुलीवर जाऊन बसू लागली. पण संगमेश्वरला भाचीच्या मुलीचं बारसं निघालं, तिला जावं लागलं, आणि आप्पाने डाव साधला. ती परत आली तर काठाला हा एवढा खड्डा. आप्पा कमरेपर्यंत आत, हातात पहार, तोंडभर हसू. "पोकळ लागलंय गो! ऐक, आवाज ऐक!"

तिने ऐकलं. जांभ्याच्या पोटात पोकळ्या असतातच, तशी एक फुटली होती आणि झऱ्याचं पाणी विहिरीत यायचं सोडून तिच्यातून खळखळत भलतीकडे खाली चाललं होतं. दुसऱ्या दिवशी उजाडताना विहिरीचा तळ दिसला.

तळाच्या चिखलातून कसला तरी गोल काठ वर आला होता. सगुणा काही बोलायच्या आत आप्पा पायऱ्यांवरून घसरत उतरला आणि जीव खाऊन ओरडला, "मिळाला! हंडा मिळाला!"

वर आला तो हंडा नव्हता, तांब्याची कळशी होती, तोंडापर्यंत चिखलाने भरलेली. सगुणाने ती बघताक्षणी ओळखली. तिच्या आईने लग्नात दिलेली कळशी. पहिल्याच वर्षी ती दोरातून सुटून विहिरीत गेली होती आणि तिच्यावरून सासूने वर्षभर तोंड सोडलं होतं. सगुणाने ती न्हाणीत नेली, चिखल उपसला, चिंच लावून घासली. घासताना आई आठवली आणि डोळे भरून आले.

पण आप्पाची आरोळी गडग्यापलीकडे शेजारच्या गोदाने ऐकली होती. दुपारपर्यंत वाडीभर झालं. सगुणा रिकामी घागर घेऊन गोदाच्या विहिरीवर गेली, तर गोदाने पोहरा दिलाच नाही.

"टँकर मागव गो. तुला आता काय कमी?"

"अगो, माझीच जुनी कळशी ती!"

"हो, हो. आम्ही काय मागायला येणार नाय, घाबरू नको."

हे सगळं आप्पाने मिटवायला हवं होतं. तो साधा खड्डाही बुजवेना. कुणी विचारलं की नुसता हसायचा. सगुणाने शेजारणीचा नाद सोडला आणि देवळाच्या विहिरीवरून पाणी आणू लागली. चढणीची वाट, डोक्यावर ऊन, कमरेवर तीच कळशी. तेवढ्या पाण्यात घर कसंबसं भागायचं, पोफळींना काही उरत नसे. पोयी सुकू लागल्या होत्या. येता-जाता त्यांच्याकडे बघायची तिला हिंमत होत नव्हती.

अशीच एकदा ती घामाघूम होऊन ओटीवर आली. आप्पा तिची वाटच बघत होता.

"सगुणा," तो हळू आवाजात म्हणाला, "मी कुणाला सांगणार नाय. तू ती न्हाणीत नेलीस ना, तेव्हा आत काय होतं?"

खड्डे तिने सोसले होते, यंत्र सोसलं होतं, गोदाचं बोलणंही सोसलं होतं. हे मात्र सोसवेना. एवढा संसार केला, आणि हा माणूस तिला चोर समजत होता. तिने भरलेली कळशी त्याच्यासमोर ठेवली.

"बघा," ती म्हणाली. तिला वाटलं, लाजेल.

आप्पाने बाही वर सारली, पाण्यात कोपरापर्यंत हात घातला आणि कळशीचा तळ चाचपला.

हात घातलेलं पाणी त्यांच्या घरात कुणी पीत नाही. सगुणाने कळशी उचलली, आगरात गेली आणि ते पाणी पहिल्या पोफळीच्या मुळाशी ओतलं. मग परत येऊन तिने रिकामी कळशी आप्पाच्या मांडीवर ठेवली.

"आता पाण्याला तुम्ही जा," ती म्हणाली, आणि दार लावून घेतलं.