अलंकाराला धरलेली झील

पन्नाशी उलटल्यावर मी पेटीच्या परीक्षेला बसले, ते काही कलेच्या ओढीने नाही, रागाने. नाचणगावच्या आमच्या महिला भजन मंडळात पेटी वाजवायला पुरुषांच्या मंडळातले एक भाऊजी यायचे. माणूस सज्जन, पण काळी एक सोडून दुसरी पट्टी त्यांना येत नसे. त्या पुरुषी पट्टीत आम्ही बायका विहिरीतून बोलल्यासारख्या गायचो. मंडळातली सगळ्यांत थोरली काकू तर गाणंच सोडून नुसते टाळ वाजवायला लागली. म्हणायची, "माहा गळा गेला वं आता." गळा कुठला जातोय! पट्टी चुकीची होती. बायकांच्या गळ्याला बसणारी काळी पाच धरा, असं भाऊजींना सांगितलं तर हसून म्हणाले, "काळी पाच वाजवाले शिकलेला माणूस लागते, वहिनी. परीक्षा पास होऊन या, पेटी तुमची."

मग काय, पुलगावच्या मास्तरांकडे शिकवणी लावली. मास्तर माझ्या मुलाच्या वयाचे. त्यांनी अलंकारांपासून सुरुवात केली: सारेग, रेगम, गमप असं पायरी पायरीने चढायचं, तसंच उतरायचं, आधी सावकाश, मग दुपटीत. ते जमलं की एकेक स्वर गाळून उड्या, साग, रेम, गप. "बोटं घाई करतात मावशी, भात्याला करू देऊ नका," हे त्यांचं पालुपद. रियाज देवळात चालायचा. बायका वाती वळता वळता ऐकायच्या आणि ऐकून ऐकून त्यांनाही सगळे अलंकार पाठ झाले.

परीक्षा वर्ध्याला, एका शाळेच्या वर्गात होती. अख्खं मंडळ डबे घेऊन सोबत आलं आणि वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात बसलं. परीक्षक बाहेरगावचे, चेहऱ्याने कडक. पांढरी एकमध्ये मी झकास वाजवलं. मग ते म्हणाले, "आता हाच अलंकार काळी पाचपासून." सा बरोबर लागला, पण रे वाजवताना बोट चुकून शेजारच्या पांढऱ्या पट्टीवर पडलं. कसंनुसं वाजलं आणि माझा हात थांबला.

आमच्या भजनात एक रीत आहे. पुढे गाणारी अडली की मागच्यांनी लगेच ओळ उचलायची. त्याला झील धरणं म्हणतात, आणि झील न धरता गप्प बसणं म्हणजे तिला उघड्यावर टाकणं. व्हरांड्यातून खणखणीत आवाज आला, "सारेग! रेगम! गमप!" वर टाळ्यांचा ठेका.

"हे काय चाललंय?" परीक्षक उठून उभे राहिले.

मी खिडकीकडे तोंड करून ओरडले, "अवं चूप बसा ना! परीक्षा होऊन राह्यली इथं!"

"मंग तू थांबली काऊन? आम्हाले वाटलं विसरली!" एकीने आतच डोकं घातलं.

परीक्षकांच्या मिशा हलल्या, पण बोलले करड्या आवाजात, "एकटीने वाजवा बाई, नाहीतर शून्य देईन." त्यांनी स्वतः खिडकी लावून घेतली.

आता मात्र माझं धाबं दणाणलं. नापास झाले तर भाऊजी आणि त्यांची काळी एक आमच्या पाचवीला पुजलेली, आणि काकू कायमची गप्प. रडूच येत होतं. मी बोटांचा विचार सोडला आणि नुसता भाता धरला, एका लयीत, सावकाश. काळी, पांढरी, पांढरी. हाताला वाट सापडली. चढले, उतरले, दुपटीत गेले, उड्याही मारल्या. परीक्षक मान खाली घालून लिहीत राहिले.

पास झाले. भाऊजींनी शब्द पाळला, पेटी स्वतः उचलून माझ्यापुढे ठेवली आणि मागे जाऊन बसले. मी काळी पाच धरली. पहिल्या ओळीला बायका बिचकत गायल्या, दुसरीला मोकळ्या झाल्या. तिसऱ्या ओळीत सगळ्यांच्या वरून एक आवाज निघाला, जरासा कापरा, पण थेट वरच्या सापर्यंत गेलेला. काकूने टाळ थांबवले आणि माझ्याकडे वळून विचारलं, "कोण गाऊन राह्यलं वं हे?"

"तुम्हीच," मी म्हटलं.