रूफस मामाचे निरोप

लेवॉन विगिन्सची आई ओडेसा जन्मापासून बहिरी होती. मोज्यांच्या कारखान्यात यंत्रांच्या खडखडाटानं बाकीच्या बाया हैराण व्हायच्या, ही आपली निवांत. नवरा कधीच निघून गेलेला. त्यामुळे लेवॉन आधी हातांनी बोलायला शिकला आणि मग तोंडानं. नॉर्थ कॅरोलायनाच्या पूर्वेकडं, तंबाखूच्या शेतांमधलं त्यांचं गाव. तिथं पोरगं चालायला लागलं की त्याच्या हातात बास्केटबॉल देतात. लेवॉन पंधराव्या वर्षी दारातून वाकून जायला लागला, तेव्हा त्याचं पुढचं सगळं गावानं परस्पर ठरवून टाकलं.

कॉलेजनं त्याला खेळासाठी फुकट शिकायला घेतलं. बहिऱ्या मुलांचा शिक्षक व्हायचा अभ्यासक्रम त्यानं निवडला, तेव्हा संघातली पोरं हसली. "टीव्हीवर मुलाखत हातवारे करून देणार का रे?" खोलीतला सोबती हॉलिस विचारायचा. तिसऱ्या वर्षी लेवॉन असा खेळला की वर्तमानपत्रांत फोटो यायला लागले. आणि मग तो प्रश्न आला. शेवटचं वर्ष पुरं करायचं, की आत्ताच व्यावसायिक संघांसाठी नाव द्यायचं? तेव्हाचा नियम सक्त होता. एकदा नाव दिलं की कॉलेजच्या संघाची दारं बंद.

"एक वर्ष थांब," कोच म्हणाला. "अजून खांदे भरायचेत तुझे."

"त्याला त्याच्या नोकरीची काळजी आहे," रूफस मामा म्हणाला. ओडेसाचा हा थोरला भाऊ, गावातला न्हावी. त्याच्या दुकानात भाच्याचे फोटो भिंतभर लावलेले. "उद्या गुडघा गेला तर कोच येणारे का तुला उचलायला? लोखंड तापलंय तोवर घाव घाल, बाळा."

आईला विचारलं, तेव्हा ती भांडी धूत होती. तिनं हात पुसले. "शिक्षण पुरं कर," ती हातांनी म्हणाली. "मग काय हवं ते कर."

लेवॉनला वाटलं, हिला काय कळणार? हजारो माणसं आपलं नाव घेऊन ओरडतात, ते हिनं कधी ऐकलंय? त्यानं नाव दिलं.

निवडीच्या संध्याकाळी घर माणसांनी भरून गेलं. मामानं अंगणात अख्खं डुक्कर भाजायला लावलं होतं. टीव्हीवर एकेक नाव पुकारलं जात होतं, आणि पडद्याच्या तळाशी ओडेसासाठी अक्षरं सरकत होती. अक्षरं आवाजाच्या जरा मागं असायची. नाव दुसऱ्याचं निघालं की सगळे सुस्कारा टाकायचे, आणि त्यानंतर ओडेसाचा चेहरा उतरायचा. पहिली फेरी संपली तसे शेजारी हळूहळू उठायला लागले. कुणाला सकाळी कामावर जायचं होतं, कुणाचं लेकरू पेंगुळलं होतं. दुसरी, शेवटची फेरीही संपली, लेवॉनचं नाव आलंच नाही. मामा अंगणात जाऊन डुक्कर उलटंपालटं करत बसला. सोफ्यावर मायलेकच उरले. ओडेसा संपलेल्या कार्यक्रमाची शेवटची अक्षरं वाचत होती, तिला अजून आशा होती. आता पुरे, म्हणून लेवॉननं तिचा हात धरला.

मामानं धीर सोडला नाही. कुणाकुणाला गाठून त्यानं फिनलंडमधल्या एका संघात भाच्याची सोय लावली. "वर्षभर तिकडं गाजव, इकडचे लोक पाय धरत येतील," तो म्हणाला.

तिकडं हिवाळ्यात दुपारीच अंधारायचं. बसथांब्यावर माणसं एकमेकांपासून हातभर लांब उभी राहायची. संघातली पोरं भली होती, पण सामना संपला की आपल्या भाषेत बोलायची. कुणी विनोद केला की सगळे हसायचे, आणि त्यांची तोंडं बघून लेवॉनही हसायचा, जरा उशिरानं. चर्चच्या जेवणावळीत आई असंच हसायची. हे त्याच्या ध्यानात आलं त्या दिवशी तो कपडे बदलायच्या खोलीत सगळे जाईपर्यंत बुटांच्या नाड्यांशी खेळत बसला.

आईला वाचता यायचं, पण पत्र लिहिणं जमायचं नाही, आणि तिच्याशी फोनवर बोलता येत नव्हतं. ती रविवारी भावाच्या दुकानात येऊन बसायची, लेवॉन फोन करायचा, आणि मामा मधे उभा राहून इकडचं तिकडं करायचा.

"काय म्हणते?"

"म्हणते, जोरात खेळ. अंगावर गरम कपडे घाल."

"एवढंच? मामा, ती इतकं थोडं कधी बोलत नाही."

"अरे, हात हलवतेय नुसती. खूश आहे."

एका वर्षाची चार वर्षं झाली. दर उन्हाळ्यात मामा त्याला दुसऱ्या कुठल्या संघाच्या चाचणीला परस्पर दुसऱ्या शहरात पाठवायचा, तिथून तो तसाच परत फिनलंडला. हॉलिस मात्र कॉलेजात थांबला होता. पुढच्याच वर्षी त्याची निवड झाली होती. लेवॉन त्याचे सामने बघायचं टाळायचा.

चौथ्या उन्हाळ्यात पाऊल मुरगळलं, चाचणी हुकली, म्हणून तो थेट घरी गेला. ओडेसानं त्याला दारातच धरलं. केस पिकले होते तिचे. जेवण वाढून झाल्यावर ती समोर बसली.

"दर रविवारी सांगत होते, घरी ये," तिचे हात म्हणाले. "आला का नाहीस?"

लेवॉनला आधी वाटलं आपण चुकीचं वाचलं. "काय सांगत होतीस?"

"घरी ये. शिक्षण पुरं कर. मला करमत नाही."

तो तसाच लंगडत दुकानात गेला. मामा एका म्हाताऱ्याची दाढी करत होता. लेवॉननं विचारलं, तेव्हा वस्तरा थांबला.

"सांगितलं असतं तर तू आला असतास," मामा म्हणाला.

"हो. आलो असतो."

"म्हणूनच नाही सांगितलं. थोडक्यात हुकत होतं रे तुझं. थोडक्यात."

लेवॉननं आरडाओरडा केला नाही. म्हाताऱ्याच्या गालावर साबण वाळत चालला होता. "आई चार वर्षं भिंतीशी बोलली, मामा," एवढंच म्हणून तो बाहेर पडला.

त्या शरदात तो पुन्हा कॉलेजात जाऊन बसला. आजूबाजूला मिसरूड फुटलेली पोरं, आणि त्याचे गुडघे बाकाखाली मावेनात. जेवणघरात कुणी त्याच्या टेबलाशी यायचं नाही. त्याला प्राध्यापक समजायचे. पण वर्ष पुरं झालं. पदवीच्या दिवशी ओडेसा निळा झगा घालून पहिल्या रांगेत बसली होती. टाळ्या कधी थांबल्या ते तिला कळलं नाही. सगळे थांबल्यावरही ती वाजवतच राहिली, आणि कुणी तिला थांबवलं नाही.

त्याला बहिऱ्या मुलांच्या शाळेत नोकरी लागली. पोरांशी त्याचं चांगलं जमतं. लग्नाचं जमता जमता राहिलं. ओडेसा त्याच्याजवळ सात वर्षं राहिली आणि झोपेतच गेली. दफनाच्या वेळी रूफस मामा मागच्या रांगेत उभा होता. त्यानंतर एका रविवारी तो जेवणाची झाकलेली थाळी घेऊन लेवॉनच्या दारात आला. लेवॉननं त्याला आत घेतलं, कॉफी दिली. दोघं समोरासमोर बसले. मामानं कॉफी संपवली, कप स्वतःच विसळून ठेवला आणि निघाला.

"थाळी राहू दे," दारातून तो म्हणाला. "नेईन परत आलो की."

"बरं," लेवॉन म्हणाला.