बर्फाच्या देशातल्या बांगड्या

ते प्रकरण कागदोपत्री केव्हाच मिटलं. माझ्या डोक्यात मात्र त्याचा निकाल अजून लागलेला नाही.

मी तेव्हा बेंगळुरूच्या महादेवपुरा भागात इन्स्पेक्टर होतो. सकाळची हजेरी आटोपत असताना एक तरुण आईला घेऊन ठाण्यात आला. त्याची बहीण आठवडाभर बेपत्ता होती. फोन घरातच होता, आणि नवऱ्यानं तक्रारही दिलेली नव्हती. तरुणानं टेबलावर कागदांचा गठ्ठा आपटला.

"भावोजींनी लिहिलेली कादंबरी. बायकोला कसं मारलं, सगळं आहे यात."

आमचं घराणं इथलं जुनं मराठी, त्यामुळे ते मराठी लिखाण वाचायचं काम माझ्याकडेच आलं. कथा बर्फाळ परदेशातली. नवरा बायकोचं प्रेत गोठलेल्या तळ्यात सोडतो. शेजारी दारं लावून बसलेले, कुणी काही विचारत नाही. पण ती परदेशी बाई कणीक मळते, आणि मळताना बांगड्या कोपराकडे सरकवते.

"आमची अक्काच ती," भाऊ म्हणाला.

नवरा पुण्याहून आलेला संगणक अभियंता. त्याला चौकशीला बोलावलं.

"बर्फाच्या देशात बांगड्या कुठून आल्या?"

"सर, बाई लिहायला घेतली की तीच डोळ्यांसमोर येते."

"मग तिला मारलंत कशाला?"

"कादंबरीत ना?" तो गोंधळला. "रहस्यकथा आहे, सर. आणि इथं माणूस नाहीसं कसं करणार? वॉचमन विचारतो, कामवाली विचारते, इस्त्रीवाला विचारतो."

"तुम्ही विचारलंत?"

"रागावून आईकडे गेली असेल, असं वाटलं."

घराचा पंचनामा झाला. हाती काही लागलं नाही. त्याची उत्तरं खरी वाटत होती, आणि तो गठ्ठाही खोटा वाटत नव्हता. अटक करावी तर पुरावा नाही, सोडावं तर धीर होत नव्हता.

तेवढ्यात बाहेर बाकावर बसलेली आई आत येऊन मला म्हणाली, "अण्णा, जावयांनी काही खाल्लं का? स्वल्प कॉफी तरी द्या त्यांना."

भाऊ उसळला. "अम्मा, त्यानं अक्काला मारलंय, नि तू कॉफी विचारतेस?"

लेकीचा खून झाला अशी धास्ती असलेली आई संशयिताच्या पोटाची काळजी करत नाही. मी भावाला बाहेर पाठवलं आणि महिला शिपायासमोर तिचा जबाब पुन्हा घेतला.

"मुलगी कुठं आहे, अम्मा?"

"आनेकलला, माझ्या बहिणीकडं." तिनं पदर तोंडाशी धरला. "ते कागद वाचून भ्याली पोरगी. म्हणाली, ते स्वतः विचारत आले तरच सांग. आलेच नाहीत, अण्णा."

"मुलाला तरी सांगायचं."

"सांगितलं असतं तर जावयाशी भांडून ती कुठंय ते बोलून गेला असता."

आम्ही आनेकलला गेलो. ती ओट्यावर अवऱ्याच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलत होती. जीप पाहून तिनं हात थांबवले.

"तुम्हीच आलात की तेही आलेत?"

"तेही आलेत. जीपमध्ये आहेत."

"पुस्तकात तिला शोधायला कुणीच येत नाही, सर," ती म्हणाली, आणि पुन्हा शेंगा सोलू लागली.

तिकडच्या गोष्टीत विचारणारं कुणी नसतं म्हणून माणूस हरवतं. इथं विचारणारे पुष्कळ. ज्यानं विचारायचं तोच राहून जातो. एवढं मी शिकलो. पण त्या गठ्ठ्यात माया होती की खून, हे मला कळलं नाही. तिलाही कळलं नसावं. परतताना ती जीपमध्ये बसली, पण मावशीला मध्ये बसवून.